चुकलं की बोलणारी बाई

“बोट किती वेळा लावायचं?” कानवडे साहेबांनी विचारलं.

विसपुते सर गडबडले. “म्हणजे, साहेब?”

“म्हणजे त्या टॅबला हो. आमच्या बायका श्रीखंडाच्या हॉलमध्ये डबे भरतात. त्यांना स्वच्छतेचं शिक्षण द्यायचं, ते तुम्ही म्हणता ऑनलाइन देऊ, टॅबवर बोट लावून त्या शिकतील. तर एका बाईनं किती वेळा बोट लावायचं? जितकी बोटं तितका वेळ, आणि तितका वेळ माझं काम बंद.”

कोर्स बनवायच्या धंद्यात पडून मला तेव्हा वर्षही झालं नव्हतं, पण इतका नेमका प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. कोर्समध्ये शिकणाऱ्यानं नुसतं बघायचं की काही करायचंही, आणि करायचं तर किती, यावर आम्ही गिऱ्हाइकांना तासभर व्याख्यान द्यायचो. साहेबांनी ते बोटावर आणून ठेवलं.

आम्ही बसलो होतो संगमनेरच्या अलीकडच्या एका सहकारी दूध संघात. संघाचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. कानवडे साहेब तिथले कामगार अधिकारी. विसपुते सर माझे साहेब. नाशिकला पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे सर, मी आणि खालून वर येणारं पीठ.

“तीन प्रकार आहेत,” सर म्हणाले. “पहिला साधा. फिल्म लागते, बाई बघते, ‘पुढे’ दाबते, की संपलं. दुसरा मधला. मधेमधे प्रश्न येतात, बाई उत्तर देते, बरोबर की चूक ते कळतं. तिसरा जरा मोठा. त्यात आपण प्रसंगच उभा करतो. बाई जे निवडेल तसं पुढे घडतं. चुकलं तर कुणीतरी तिला समजावतं आणि पुन्हा संधी देतं.”

“साधा द्या,” साहेब म्हणाले.

“साध्यात बाई झोपली तरी पास होते,” मी बोलून गेले. सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला, पण तोवर उशीर झाला होता.

साहेबांनी चष्मा काढला. “झोपून चालणार नाही, मॅडम. दसऱ्याला आमचा नवा हॉल सुरू होतोय. जुना बंद. संचालक मंडळानं ठरवलंय, जी बाई कोर्स पास होईल तीच नव्या हॉलमध्ये. जी नापास होईल तिच्या जागी कंत्राटदार आपलं माणूस देईल.”

त्यांच्या केबिनच्या काचेतून खालचा जुना हॉल दिसत होता. वीसेक बायका लांबलचक टेबलाला दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या. एक उंच, हाडापेरानं मोठी बाई काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या खाली मान घालून डबे भरत हसत होत्या. आपण हसतोय त्याच वेळी वर आपल्या पोटापाण्याचं ठरतंय, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार.

“मग तिसराच घ्या,” मी म्हटलं. “लिहायवाचायला त्यांना जड जाईल, पण समोर प्रसंग दिसला तर काय करायचं ते बरोबर सांगतील.”

“जबाबदारी कोणाची?”

“माझी.”

बाहेर येऊन सरांनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, “अमृतकर काकूंची मुलगी शोभतेस अगदी.”

हे कौतुक नव्हतं. अमृतकर काकू म्हणजे माझी आई. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत तिची खानावळ होती, आणि विसपुते सर शिकत असताना तिथेच जेवायचे. मला नोकरी त्या ओळखीवरच लागली होती. आई दारात उभी राहून आत येणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारायची, “हात धुतलेस?” हो म्हटलं तरी ती हात उलटेसुलटे करून बघायची. तिच्या तोंडापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते. पण पोरं बाहेरची स्वस्त खानावळ सोडून तिच्याकडेच यायची, आणि नोकरीला लागली की पेढे घेऊन आधी तिच्या पाया पडायची. गुडघे गेले तेव्हा तिनं खानावळ बंद केली आणि घरात बसली. तेव्हापासून तिची बोलणी खायला एकटी मी उरले होते.

कोर्स तयार झाला. चित्रं झाली, प्रसंग झाले, चुकल्यावर समजावणारी बाईही झाली. अडलं ते तिच्या आवाजाशी. पुण्याच्या एका मुलीनं आवाज पाठवला होता. गोड होता. “आपले उत्तर चुकीचे आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा.” सरांनी ते ऐकलं आणि जांभई दिली.

“हिचं ऐकून कुणी हात धुणार नाही,” ते म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. “हर्षदा, काकू करतील का गं?”

दुसऱ्या दिवशी सर माइक घेऊन आमच्या घरी आले. स्वयंपाकघराच्या खिडक्यांवर मी गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला. चाळिशीतला तो माणूस ओट्याजवळच्या पाटावर कानाला हेडफोन लावून अंग चोरून बसला.

“चपला बाहेर काढल्यास ना रे?” आईनं विचारलं.

“हो काकू.”

“आणि हात?”

सर उठले, मोरीत जाऊन हात धुऊन आले आणि परत बसले.

आईनं माझा कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. “कृपया पुन्हा प्रयत्न करा. असं कोण बोलतं गं? बँकेतला माणूस?”

“आई, वाच ना जसं लिहिलंय तसं.”

“अगं पण झालंय काय ते तर सांग. कोण चुकलं, काय चुकलं?”

“एक बाई आहे. हातभर काचेच्या बांगड्या घालून श्रीखंड भरायला आलीय.”

“काचेच्या?”

“काचेच्या.”

आईनं कागद बाजूला ठेवला. सरांनी घाईघाईनं बटण दाबलं.

“अगं ए. बांगड्या हौसेच्या असतील, त्या घरी मिरव. उद्या ती काच श्रीखंडात गेली आणि कुणाच्या लेकरानं गिळली, तर त्याच्या आईला काय तोंड दाखवशील? काढ आधी. काढ म्हणते ना.”

सरांनी नकळत मनगटावरचं घड्याळ काढून खिशात घातलं. मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला असता, पण मी ड्रेस घातला होता.

त्यानंतर आई थांबेचना. मी नुसता प्रसंग सांगायचा अवकाश. बाईची नखं वाढलीत म्हटलं की ती सुरू, “नखं आहेत की उलथणी? बघू इकडे.” बोट कापलं आणि तिनं चिंधी बांधून काम चालू ठेवलं, तर “चिंधी कशाला, ओटा पुसायचं फडकंच बांधायचं होतंस. जा, औषध लाव आणि आज डब्यांपासून लांब बस.” मोबाइलवर बोलता बोलता तोच हात डब्यात घातला, तर “तो फोन तू कुठेकुठे घेऊन जातेस ते मी विचारत नाही, बाई. मला अजून जेवायचंय.”

“आणि बरोबर उत्तर दिलं तर काय म्हणशील?” शेवटी मी विचारलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. “बरोबर दिलं तर काय म्हणायचं? बरोबरच द्यायचं असतं. त्यात बोलण्यासारखं काय आहे?”

आई ही अशीच. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा धावत घरी गेले होते. आई पोळ्या लाटत होती. निकाल ऐकून म्हणाली, “बरं झालं. हात धू, पान वाढते.” मला त्याचं फार लागलं होतं तेव्हा, खोटं कशाला सांगू. पण ती काही बदलणार नव्हती, म्हणून बरोबर उत्तराला आम्ही एक घंटी ठेवली. बरोबर दाबलं की टिंग वाजायचं आणि कोर्स पुढे सरकायचा.

संघाच्या कँटीनमध्ये टॅब बसला. बायकांनी चहाच्या सुट्टीत कोर्स करायचा, असं ठरलं. पहिला आठवडा सरावाचा, मग परीक्षा; मार्क पहिल्या उत्तराला, आणि सरावाचेही साहेबांना दिसायचे. आठवडा संपला आणि कानवडे साहेबांचा फोन आला.

“मॅडम, तुमचा तिसरा प्रकार जरा येऊन बघा. सगळ्या नापास.”

“सगळ्या?”

“एकजात सगळ्या.”

निकाल आम्हाला इकडे संगणकावरही दिसायचा. मी तो उघडला. प्रत्येक बाईचं प्रत्येक प्रश्नाचं पहिलं उत्तर चूक होतं. सर खुर्चीमागे उभे राहून बघत होते.

“इतकं चुकायलासुद्धा अक्कल लागते,” ते पुटपुटले.

ते बोलले आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. डोळे मिटून बोट लावलं असतं तरी काही उत्तरं बरोबर आली असती. एकही नाही म्हणजे काय? मी तशीच उठले आणि संगमनेरची एसटी पकडली.

कँटीनच्या दारातच मला आईचा आवाज ऐकू आला. “नखं आहेत की उलथणी? बघू इकडे.” आणि मागून हशा फुटला. आत बघते तर सगळ्या बायका टॅबभोवती गोळा झालेल्या. मधोमध ती उंच बाई बसली होती, सगुणाबाई गुंजाळ. हॉलमध्ये सगळ्यांत जुनी, आणि साहेबसुद्धा तिच्याशी जपून बोलायचे. पुढचा प्रश्न आला. बाईला शिंक येतेय, तिनं काय करावं?

“बाजूला जाऊन, तोंड झाकून,” दोघीतिघी म्हणाल्या.

“ते माहितीये गं,” सगुणाबाई म्हणाली. “चुकीचं कोणतं ते बघ. हां, डब्यावरच शिंकते, ते दाबते.” तिनं दाबलं. आई कडाडली, “शिंकलीस? डब्यावर? आता तो डबा तूच घरी ने आणि तुझ्या सासूला खाऊ घाल.” एक पोरगी हसता हसता बाकावरून खाली घसरली.

मी पुढे झाले. “मावशी, बरोबर उत्तर येतंय तर चुकीचं का दाबताय?”

सगुणाबाईनं मला वर-खाली न्याहाळलं. “तुम्ही बनवलं व्हय हे? लई भारी बनवलं, ताई. पण असं हाये, बरोबर दाबलं की नुसती घंटी वाजती. घंटी तर देवळातबी वाजती. चुकलं की ती बाई बोलती.”

“अहो, पण पहिलं उत्तर धरतात. तुम्ही सगळ्या नापास झालात.”

“नापास कशा? बोलणी खाऊन झाली की बरोबर तेच दाबतो की आम्ही.”

शेवटी बरोबर आलं म्हणजे झालं, असं त्या धरून चालल्या होत्या. घरात तसंच असतं. आईनं चार शब्द सुनावले, आपण ऐकलं, नीट केलं, विषय संपला. पहिल्या चुकीची कुणी कुठे नोंद ठेवतं, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. एकीच्याही हातात काचेची बांगडी नव्हती. नखं बोटाबरोबर कापलेली. मोबाइल सगळे दाराजवळच्या टोपलीत. “काढ म्हणते ना” हे तर त्यांच्या बोलण्यातच आलं होतं. कुणी कानातलं घालून हॉलकडे निघाली की दुसरी मागून तेच म्हणायची, माझ्या आईच्या ठेक्यात.

मी धावत साहेबांना बोलवून आणलं. “बघा साहेब, शिकल्यात की सगळ्या. हात बघा त्यांचे.”

साहेबांनी हात बघितले. माणूस वाईट नव्हता. “मला दिसतंय, मॅडम. पण संचालकांपुढे मी यांचे हात घेऊन जाऊ का? त्यांना मार्क लागतात. हा तमाशा आता बंद करा. साधी फिल्म लावा आणि शेवटी लेखी परीक्षा ठेवा.”

लेखी म्हटल्याबरोबर मघाशी घसरून पडलेली पोरगी पदराचं टोक पिळत उभी राहिली.

“साहेब,” सगुणाबाई हळूच म्हणाली, “मला सहीपुरतं येतंय. या निम्म्या जणींचं तसंच हाये. लेखी घेतली तर आम्ही घरीच बसायचं म्हणा की.”

साहेब जमिनीकडे बघायला लागले. मी सगळा धीर गोळा केला. “शनिवारपर्यंत थांबा. परीक्षा याच टॅबवर घ्या, तुमच्या समोर घ्या, पहिलंच उत्तर धरा. नाही जमलं तर लेखी.”

“शनिवार,” साहेब म्हणाले. “त्यानंतर मला काही सांगू नका.”

एसटी स्टँडपर्यंत सगुणाबाई मला सोडायला आली. “आम्ही दाबू हो बरोबर,” ती म्हणाली. “पण मन ऱ्हात न्हाई, ताई. बोट आपसूक तिकडंच जातंय. तुम्हाला हसायला येईल, पण माझी आई गेली, सासू गेली. आता घरात सगळी मलाच भितात. मला रागवणारं माणूसच ऱ्हायलं न्हाई कुणी.”

मला खरंच हसू आलं. एवढी मोठी बाई, आणि तिला बोलणी खायची हौस. माझ्या घरी ती दोन्ही वेळा फुकट मिळत होती.

घरी आले ती थेट स्वयंपाकघरात. “आई, तुला परत बोलायचंय. बरोबर उत्तर दिल्यावर काय म्हणायचं, ते.”

“ती घंटी आहे ना?”

“घंटीनं भागत नाही. शाब्बास म्हण, छान म्हण, काहीही म्हण.” सगळी हकिगत सांगितली. लेखी परीक्षेचं ऐकून आई गंभीर झाली आणि पदर खोचून उभी राहिली.

सर पुन्हा पाटावर बसले. आईनं घसा खाकरला. “शाब्बास.” सरांनी हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं. सिलिंडर संपला असं सांगावं तशी ती शाब्बास म्हणाली होती. पुन्हा घेतलं. “खूप छान.” हे त्याहून वाईट होतं. आई जसजशी गोड बोलायला बघायची तसतशी पुण्याच्या त्या मुलीसारखी वाटायला लागायची.

“नाही जमत बाई मला,” ती म्हणाली.

“कसं जमेल?” मी चिडून म्हटलं. शनिवार मानेवर बसला होता, माझा तोल गेला. “सवयच नाही तुला. मला म्हणालीस कधी शाब्बास? दहावीला पहिली आले तर म्हणे हात धू, पान वाढते.”

सर पाटावर आणखी आक्रसले. आईनं गॅस बंद केला.

“त्या दिवशी पुरणाचं पान होतं,” ती म्हणाली. “वार कोणता, सण कोणता, काही नव्हतं. निकाल सकाळीच शेजारच्या बाईंनी सांगितला होता मला. सगळी पोरं विचारत होती, काकू, आज पुरणपोळी कशी? तू जेवलीस आणि गेलीस खेळायला.”

मला ते पान आठवलं. पुरणपोळी आठवली, त्यावरची तुपाची धारसुद्धा. ती निकालाची होती हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

“काकू,” पाटावरून सर दबकत म्हणाले, “मी एमएस्सी झालो तेव्हा तुम्ही मला न मागता दोन पोळ्या जास्त वाढल्या होत्या. आणि म्हणाला होतात, गिळा आता, दिवे लावलेत म्हणे. मी अजून विसरलो नाही. तेच म्हणा ना.”

आई हसली. मग माइकजवळ वाकली आणि कुणाला तरी वाढत असल्यासारखी बोलली, “हं. डोकं आहे म्हणायचं. मला वाटलं नुसता अंबाडाच आहे.”

सरांनी अंगठा वर केला. त्यानंतर गाडी सुटली. “आज कुठे उगवला म्हणायचा सूर्य. बस, चहा घे.” “आलं की गं. मग इतके दिवस माझं डोकं का खात होतीस?” “हे तुझ्या सासूला सांगू नकोस, तिची बोलायची सोय जाईल.” एकेका वाक्याला सर हेडफोनमध्ये खुदखुदत होते.

सगळी उत्तरं बरोबर आल्यावर शेवटी एक वाक्य हवं होतं. त्याला आईनं वेळ घेतला. ओट्याला टेकून माझ्याकडे बघत राहिली. मग साध्याच आवाजात म्हणाली, “झालं गं बाई तुझं सगळं. आता मला तुझ्या मागे लागायला नको.”

ते एकाच खेपेत झालं, परत घ्यावं लागलं नाही.

शनिवारी कानवडे साहेब कँटीनमध्ये खुर्ची टाकून बसले. सगुणाबाई पहिली. टॅबवर हात धुण्याचा प्रश्न आला. तिचं बोट चुकीच्या उत्तरावर जाऊन तरंगायला लागलं. बायका श्वास रोखून बघत होत्या.

“एकदाच दाबू का?” तिनं मला विचारलं.

“मावशी, दुसरीकडे दाबून तर बघा.”

तिनं सुस्कारा सोडला आणि बरोबर उत्तर दाबलं. घंटी वाजली नाही. “हं. डोकं आहे म्हणायचं. मला वाटलं नुसता अंबाडाच आहे.”

सगुणाबाईनं चमकून अंबाड्याला हात लावला. मग तिच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की ती वीस वर्षांनी लहान दिसली. “ही बघते काय मला?” ती म्हणाली, आणि सगळ्या एकदम सुटल्या. पुढची घाई पाहण्यासारखी होती. आता बरोबर उत्तराला काय बोलते ते ऐकायचं होतं ना. एकेक बाई टॅबवर बसायची आणि बाकीच्या कान टवकारून उभ्या राहायच्या. शेवटचं वाक्य आलं की मात्र कुणी हसायचं नाही. दोघीतिघींनी पदरानं डोळे टिपले, नवा हॉल मिळाला म्हणून असेल, मला तेव्हा तसंच वाटलं. सगळ्या पास झाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

कागदांवर सह्या घ्यायला मी साहेबांच्या केबिनकडे गेले तर दार लोटलेलं होतं. आतून आईचा आवाज आला, “नखं आहेत की उलथणी? बघू इकडे.” फटीतून दिसलं, साहेब कँटीनमधला टॅब समोर घेऊन एकटेच बसले होते आणि त्यांनी हात टेबलाखाली घेतले होते. मी दोन पावलं मागे जाऊन मोठ्यानं खोकले.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता माझी स्वतःची कंपनी आहे, गिरणी नसलेल्या इमारतीत. कोर्स किती बोलका ठेवायचा, असं गिऱ्हाइकं अजून विचारतात. मी त्यांना तीन प्रकार सांगत नाही. चुकल्यावर आणि जमल्यावर तिथे कुणीतरी आपलं माणूस असावं, एवढंच सांगते.

आई माझ्याकडेच असते. तब्येतीनं ठणठणीत आहे, फक्त आठवणीतून माणसं पुसली गेलीत. मला ती अहो म्हणते. चहा दिला तर म्हणते, “किती करता हो तुम्ही माझं.” पोळी करपली तरी “छान झालीय.” कपडे चुरगळलेले असोत, केस विस्कटलेले असोत, मी घरात कितीही पसारा घालो, ती हसून मान डोलावते. येणारेजाणारे म्हणतात, काकू किती गोड झाल्यात. मला तो गोडवा सोसत नाही. सगुणाबाई मला सोडायला स्टँडवर आली होती, तेव्हा काय म्हणत होती ते आता कळतं.

त्या कोर्सची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर आहे. मी तो लावते कधीकधी. सगळी बरोबर उत्तरं कधी देत नाही. दिली की शेवटचं वाक्य येतं, आणि ते मला ऐकायचं नसतं. मी चुकीचंच दाबते.

परवा संध्याकाळी आई शेजारी बसली होती. मी बांगड्यांचा प्रश्न लावला आणि चुकीचं उत्तर दाबलं. “काढ आधी. काढ म्हणते ना,” लॅपटॉप कडाडला.

आई दचकली. “कोण हो या? फार बोलतात तुम्हाला.”

“माझी आई आहे.”

तिनं विचार केला. माझ्या हातावर हात ठेवला. “मग बोलू द्या हो. आईच आहे.”

मी पुढचे दोन-चार प्रश्न लावले. ती मन लावून ऐकत होती, कपाळाला आठ्या घालून. मी स्वयंपाकाला उठणार एवढ्यात तिनं माझा हात धरला, उलटासुलटा करून बघितला.

“हात धुतलेत का तुम्ही?”

धुतले होते. आत्ताच धुतले होते, साबणाचा वास येत होता हाताला.

“नाही,” मी म्हटलं.

आईनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं.

“मग बसलीयस काय अशी? ऊठ आधी. ऊठ म्हणते ना.”

मी उठले. मोरीत जाऊन पुन्हा हात धुतले, कोपरापर्यंत, तिला बाहेर आवाज ऐकू येईल असे.